गोदाम म्हणून सांग

तात्यापारा, रायपूर
१२ जानेवारी २००२

चि. इंद्रजीत, जय भीम.

मी अंजनाबाई. तात्यापाऱ्यात राहते, रंग सावळा, समोरचे दोन दात नाहीत, नात्यानं तुझी आजी लागते. दसऱ्यापासून तुझं पत्र नाही, फोन नाही. म्हटलं पोट्टा विसरला असेल, तर आधी ओळख करून द्यावी, मग कामाचं बोलावं.

हे लिहून राहिली विनोदिनी. आपल्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते, शाळेतून रिटायर झालेली बाई आहे. तिले सांगून ठेवलं आहे, मी जसं बोलीन तसं लिही, माझं बोलणं धुऊन-वाळवून पाठवू नको. (काकू, मी एक अक्षर बदलत नाही. – वि.) पाहा, मधे बोललीच.

तर ऐक. रायपूर राजधानी झालं तेव्हापासून इथं माणसांपेक्षा दलाल जास्त झाले. सरकारनं जुन्या दवाखान्याच्या इमारतीत बिऱ्हाड केलं. लाल दिव्याच्या गाड्या सदर बाजारात येऊन फसतात, पुढे हातठेला, मागे म्हैस. अन् गुढियारीच्या रस्त्यावरची आपली शेड, जिच्याकडे वीस वर्षांत कोणी ढुंकून पाहिलं नाही, तिले आता देवीदास दलाल 'मौके की जगह' म्हणतो. त्यानं मुंबईची हॉटेलवाली कंपनी आणली हे तुले माहीतच आहे, तुमचं दोघांचं फोनवर जमलेलं दिसते. माझी ना नाही. जमीन काही छातीवर बांधून नेता येत नाही.

पण आता कंपनी म्हणते, आधी आमची एक पोट्टी येईल, जागा पाहील, तुम्हाले विचारील की इथं पहिले काय होतं. देवीदास माझ्या कानात येऊन म्हणतो, "दादी, आप कुछ मत बोलना, आपको सुनाई नहीं देता."

मले सगळं ऐकू येते. त्याले काय सांगू ते समजलं नाही, म्हणून तुले विचारते. जागा माझ्या नावावर आहे. तुझे आजोबा रेल्वेच्या नोकरीत, त्यांच्या नावावर धंदा चालला नसता, म्हणून कागदावर सारं माझंच. अंगठा माझा लागेल, तर तोंडही माझंच लागेल. मी काय सांगू? लवकर कळव.

तुझी, आठवते तर,
आजी


पुणे
२३ जानेवारी २००२

प्रिय आजी, जय भीम.

टोमणे पोचले. ऑफिसमध्ये काम फार आहे, खरंच.

घाबरायचं काही नाही. मोठ्या कंपन्या जागा घेण्याआधी पर्यावरणाची तपासणी करून घेतात. हॉटेलवाल्यांना परदेशी बँक पैसा देते आहे, तिची ही अट आहे. आधी नुसते जुने कागद बघतात, जागेवर फिरतात आणि आसपासच्या जुन्या माणसांना विचारतात. त्यात काही संशय आला, तरच खोदून माती आणि पाणी लॅबमध्ये पाठवतात. म्हणजे सगळं त्या विचारपुशीवर आहे. तिथे 'काही नाही' असं लिहून गेलं की विषय संपला.

महापालिकेच्या कागदावर आपली जागा 'गोदाम' अशीच आहे. तेव्हा गोदाम म्हणून सांग. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांचं जुनं सामान ठेवायचो, असं काहीही. बॅटऱ्यांचं नाव काढू नकोस. भट्टी नव्हती. विहीर विचारली तर विहीरही नव्हती. आणि शेडमागे राहणाऱ्या शंकरकाकांना चार-आठ दिवस त्यांच्या गावी पाठवून दे, ते भोळे आहेत, बोलून जातील.

तू म्हणशील हे खोटं आहे. पण कोणाचं नुकसान आहे, सांग? सगळं वीस वर्षांपूर्वीचं. वर काँक्रीट पडेल, फरशी बसेल, झालं. उगाच आजोबांच्या नावाला बट्टा कशाला? चेतना आणि मी फ्लॅट पाहून ठेवलाय. हा व्यवहार झाला तर आमचं घर होईल. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

हे पत्र वाचलंस की फाडून टाक. कोणालाही दाखवू नकोस.

तुझा इंदर


तात्यापारा
४ फेब्रुवारी २००२

चि. इंदर, जय भीम.

फाडायचं पत्र मिळालं. फाडलं नाही.

इतका शिकला तू, इंजिनीयर झाला, अन् ज्या बाईले 'अ' येत नाही तिले लिहितो, वाच अन् कोणाले दाखवू नको. कोणाले दाखवल्याशिवाय मी वाचू कशी रे? वास घेऊन?

आता झालं काय ते ऐक. मंगळवारी विनोदिनी बहिणीकडे दुर्गले गेलेली. सकाळी दारात एक पोट्टी उभी, पायात गुडघ्यापर्यंत बूट, पाठीवर पिशवी, हातात वही. मले वाटलं पोलिओवाली. म्हटलं, "बाई, या घरात सगळ्यात लहान मीच. पाज मलेच." ती हसली. म्हणे, "नाही आजी, मी पूर्णिमा. नागपूरची. तुमच्या जागेची तपासणी करायला आले." मराठी ऐकून बरं वाटलं. बसवलं, चहा टाकला. तेवढ्यात पोस्टमन तुझं पत्र देऊन गेला.

घरात वाचणारी एकच, तीच. तिच्या हातात दिलं. "नातवाचं आहे, वाच बरं."

टोमणे पोचले, तिथवर खूश होती. मग तिचा आवाज हळू झाला. 'गोदाम म्हणून सांग' आलं अन् थांबलीच.

"आजी, हे मी वाचायला नको."

"काहून? अक्षर खराब आहे का?"

"अक्षर फार सुंदर आहे."

"मग वाच. पत्र माझं आहे, मले ऐकायचा हक्क आहे."

बिचारीचे कान लाल झाले. भट्टी नव्हती, विहीर नव्हती, शंकरले गावी पाठव, सगळं वाचलं तिनं. शेवटचं 'कोणालाही दाखवू नकोस' तर इतक्या बारीक आवाजात की मले म्हणावं लागलं, जोरात वाच, ऐकू येत नाही. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की चहा उतू गेला.

हसून झालं अन् मी म्हटलं, "आता वही काढ. गोदाम नव्हतं. बॅटरी फोडायचा कारखाना होता. मालकीण मी."

तुले वाटेल, म्हातारी भोळी, चुकून झालं. नाही रे राजा. पाकीट हातात घेतलं तेव्हाच मले माहीत होतं आत काय असेल. मी तुले विचारलं होतं ते, तू काय म्हणतो हे पाहायले. तू नापास झाला. मले अक्षर येत नाही, पण दर पौर्णिमेले विहारात बसून पंचशील म्हणते, अन् चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे हे मले कोणाकडून वाचून घ्यावं लागत नाही.

मग रिक्षा करून तिले शेडवर नेलं. तिनं आधी नुसतं फिरून पाहिलं. म्हणे, "या कोपऱ्यात गवत नाही." मी म्हटलं, बावीस पावसाळे झाले, उगवलं नाही. तिथं भट्टी होती. शंकर तिथं उभा राहून प्लेटा कढईत वितळवायचा, शिसं ओतायचा. तेजाब तिकडच्या खड्ड्यात. अन् विहीर ही अशी, माझ्या काठीखाली. फोडलेल्या बॅटऱ्यांचे काळे डबे टाकून भरली, वरून फरशी घातली. कोणी भरली? मीच भरवली.

तिनं लोखंडी पिळा जमिनीत फिरवून माती काढली. हातभर खाली माती राखेसारखी. थैल्यांत भरली, नंबर टाकले. शंकरच्या घरासमोरच्या हातपंपाचं पाणीही बाटलीत घेतलं. शंकर उभा राहून पाहत होता. गावी गेला नाही तो. मी सांगितलंच नाही त्याले.

रागावशील. रागाव. पण लिहून रागाव, म्हणजे पत्र तरी येईल.

आजी


पुणे
१४ फेब्रुवारी २००२

आजी,

देवीदासचा फोन आला तेव्हा कळलं की तू काय केलंस. मग तुझं पत्र आलं, आणि त्यात तू हसते आहेस.

मी तुला एक गोष्ट मागितली होती. गप्प राहायची. वीस वर्षं तू गप्पच होतीस ना? विहार तेव्हाही होता, पौर्णिमा तेव्हाही यायची. मग आताच कसं सुचलं?

खरं सांगू? मला आश्चर्य वाटलं नाही. मी सहा वर्षांचा असताना तू मला उचलून भंडाऱ्याला मामाकडे टाकलंस. आई-बाबा बदलीच्या गावी, मी तुमच्याजवळ सुखात होतो. दिवसभर शेडमध्ये खेळायचो, आजोबा मला शिशाच्या गोळ्या करून द्यायचे. एका सकाळी तू माझे कपडे बांधलेस. 'तिथली शाळा चांगली' म्हणालीस. ती शाळा पत्र्याची होती, आजी. मी रोज संध्याकाळी मामीला विचारायचो, माझं काय चुकलं. त्या घरातलं काही माझ्यापर्यंत येऊ द्यायचं नाही, हे तुझं तेव्हापासूनचं आहे.

आता ऐक. हॉटेलवाले मागे हटतील. पण देवीदासकडे दुसरी पार्टी आहे, इथलाच बिल्डर. त्याला तपासणी नको, अहवाल नको. भाव कमी देईल, पण लगेच घेईल. खाली दुकानं, वर कोचिंग क्लास काढणार आहे. देवीदास कागद घेऊन येईल. अंगठा लाव. एवढं कर, नंतर मी तुला कधी काही मागणार नाही.

इंद्रजीत


तात्यापारा
९ मार्च २००२

चि. इंदर,

तुझं पत्र विनोदिनीनं तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती रडली, मी नाही. (काकूही रडल्या. – वि.) पुढचं लिही, बाई.

तू विचारलं, वीस वर्षं गप्प होती, आताच कसं सुचलं. बरोबर विचारलं. उत्तर देते.

तू सहा वर्षांचा होता तेव्हा तुझ्या पोटात कळा यायच्या. गडबडा लोळायचा. जेवायचा नाही, चेहरा पिवळा, चिडचिड. जंतावरचं औषध दिलं, दृष्ट काढली, काही फरक नाही. मग सदर बाजारच्या बाजूले एक म्हातारे डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तुझा ओठ वर केला अन् मले बोटानं दाखवलं. हिरडीवर, दाताच्या मुळाशी, निळी रेघ. शाई फासल्यासारखी. विचारलं, घरात शिशाचं काम चालते का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बाई, हे पोर उद्याच्या उद्या तिथून हलवा."

उद्याच्या उद्या हलवलं. तेच तुझे कपडे, तीच सकाळ. चुकलं तुझं काही नव्हतं. चुकलं होतं ते माझ्या नावावर चालून राहिलं होतं.

आठ दिवसांनी शेडले कुलूप मी लावलं. तुझे आजोबा म्हणाले, अंजना, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, धंदा बसला म्हणा. त्या माणसानं मरेपर्यंत लोकांचं ऐकून घेतलं की याले धंदा जमला नाही, पण एका शब्दानं मले बोलले नाहीत. त्यांच्या नावाले बट्टा लागते म्हणतो तू. त्यांचं नाव मी तुझ्यापेक्षा जास्त सांभाळलं आहे.

मग विहीर भरवली. मले वाटलं झाकलं म्हणजे संपलं. तुझ्यासारखंच वाटलं, वर फरशी बसली की झालं. अन् शंकरले मी काहीच सांगितलं नाही, इंदर. त्याचं मनगट तेव्हापासून लुळं पडलं आहे, पेला उचलायले दुसरा हात लावते. तो म्हणते, म्हातारपण. त्याच शेडच्या मागं त्याचं घर, तोच हातपंप, त्याची नातवंडं तेच पाणी पितात. रोज जाता-येता 'भाभी, चहा घ्या' म्हणते अन् मी त्याच पाण्याचा चहा त्याच्या घरी पिऊन यायची. घाबरून पीत होती. पण सांगत नव्हती. तू मले 'गप्प राहा' लिहिलं ना, तेव्हा मले माझाच आवाज ऐकू आला. तो मले आवडला नाही.

पूर्णिमाचा अहवाल आला. मातीत शिसं जितकं असू द्यावं त्याच्या कितीतरी पट. हातपंपाचं पाणी नापास.

त्या दिवशी मी अन् विनोदिनी पाना घेऊन गेलो अन् हातपंपाचा दांडा काढून सायकल रिक्षात घालून घरी आणला. हसू नको, फार वजन असते त्याले. वॉर्डाचा पुढारी ओरडत आला, "दादी, ये सरकारी संपत्ति है!" मी म्हटलं, हव, आहे. नळ आण, दांडा घेऊन जा. तोवर हा माझ्या खाटेखाली आहे. शंकरच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया माझ्यावर खूप चिडल्या, दोन दिवस टँकरचं पाणी भरताना माझ्या नावानं बोटं मोडली. मग मी मधोमध खाटेवर बसून त्यांना सगळं सांगितलं. भट्टी, विहीर, मालकीण कोण, सगळं. शंकरसमोर. त्यानं लुळं मनगट दुसऱ्या हातात धरलं. मग म्हणाला, "भाभी, पहिले बतातीं." एवढंच. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं. पाचव्या दिवशी नळ आला.

आता तुझा देवीदास. शाईचं पॅड अन् कागद घेऊन आला, पांढराशुभ्र सफारी घालून. म्हणे, "दादी, बस एक अंगूठा, इंदर भैया ने बोला है." मी विचारलं, वर काय होणार? म्हणे, दुकान, और बच्चों की कोचिंग. पोरं किती? म्हणे, दो-ढाई सौ. पाणी कुठलं? म्हणे, बोर मारेंगे.

मी अंगठा पॅडवर चांगला घासला, अन् त्याच्या छातीवर लावला. खिशाच्या जरा वर. म्हटलं, घे, अंगठा हवा होता ना. तो गेला तेव्हा विनोदिनी जिन्यात बसून हसत होती. (हे खरं आहे. – वि.)

फ्लॅट तुले हवा आहे, मले समजते. घर सगळ्यांनाच हवं. पण दोनशे पोरांच्या हिरड्यांवर रेघ ओढून मी तुले घर देणार नाही. तुझी हिरडी पाहिली आहे मी.

आजी


पुणे
२७ मार्च २००२

प्रिय आजी,

पत्र आलं त्या रात्री आरशासमोर ओठ वर करून पाहिला. आता काही दिसत नाही. चेतनानं विचारलं काय करतोयस, तर तिला तुझं पत्र दिलं. तिनं ते दोनदा वाचलं. नंतर म्हणाली, "त्यांनी तुला टाकलं नव्हतं रे. उचललं होतं."

मी बावीस वर्षं तुझ्यावर रागावून होतो. ते एका पत्रानं कसं जाईल? गेलं नाहीये. पण कशावर रागवायचं ते आता नीट आठवत नाही.

हॉटेलवाल्यांचं पत्र आलंय. ते मागे हटले नाहीत! पूर्णिमा मॅडमनी अहवालात लिहिलंय की मालकिणीनं स्वतः सगळं दाखवल्यामुळे नेमकं कुठे खोदायचं ते कळलं, जागा स्वच्छ होऊ शकते. आधी माती काढायची, विहीर उपसायची, त्याचा खर्च किमतीतून जाईल, मग खरेदी. जे उरेल त्यात आमचा फ्लॅट बसत नाही. सोडलाय. चेतना म्हणते, भाड्याचं घरही घरच असतं.

लाव म्हणत नाही, लावू नको म्हणत नाही. अंगठा तुझा आहे. शंकरकाकांना माझा नमस्कार सांग. त्यांना काय लिहावं कळत नाही. तुला भीती वाटली का गं, सगळ्यांसमोर सांगताना?

काही पाठवू का इकडून?

इंदर


तात्यापारा
२० एप्रिल २००२

चि. इंदर, जय भीम.

भीती वाटली का विचारतो. वाटली. खाटेची कड घट्ट धरून बसली होती. पण एकदा तोंड उघडलं की भीती मागे राहते, अन् मग माझं तोंड तुले माहीतच आहे.

अंगठा लावला. पण सरळ नाही लावला. कंपनीच्या वकिलानं कागदावर लिहून आणलं, 'पूर्वी औद्योगिक वापर'. विनोदिनीनं वाचलं. मी म्हटलं, हे काय असते? तो म्हणे, मतलब वही, दादी. मी म्हटलं, वही तर नीट लिही. बॅटरी फोडायचा, शिसं गाळायचा कारखाना, मालकीण अंजनाबाई. तो म्हणे, नाव कशाला, बदनामी होते. मी म्हटलं, पुढे कोणी ही जागा विकत घेईल, त्याले विचारायले मी जिवंत राहणार आहे का? कागद राहील. तासभर वाद झाला, दोन वेळा तो उठून गेला. शेवटी लिहिलं. मग लावला. आयुष्यात पहिल्यांदा मले माझ्या अंगठ्याखाली काय लिहिलं आहे ते पूर्ण माहीत होतं.

शंकरले अन् त्याच्या तिन्ही नातवंडांना पूर्णिमानं मोठ्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. धाकटीचं जरा जास्त आहे, पण डॉक्टर म्हणतात, पाणी बदललं, उतरेल. शंकर माझ्याशी बोलतो, पण चहा घ्या म्हणत नाही. मी रोज जाऊन त्याच्या ओट्यावर बसते. न बोलावता. जाईल तेव्हा जाईल त्याचा राग, मले घाई नाही. तुझा बावीस वर्षं पाहिला.

खोदकाम सोमवारी सुरू झालं. पत्र्याचं कुंपण घातलं. मी बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसते. पहिल्या दिवशी विहिरीची फरशी काढली अन् काळे डबे वर यायले लागले, एकावर एक, जसे टाकले तसेच. मले वाटलं होतं, माती खाऊन टाकते सगळं. काही खाल्लं नाही तिनं. मी उठून उभी राहिली. का राहिली माहीत नाही. मुकादम म्हणे, "माताजी, बैठिए, धूप है." मी म्हटलं, हे सगळं निघेपर्यंत उभी राहीन, तू तुझं काम कर.

आता तू विचारलं काय पाठवू. ऐक, अन् विनोदिनी, हे नीट लिही. पूर्णिमाचा नियम आहे, कुंपणाच्या आत कोणी खायचं नाही, बाहेर येऊन साबणानं हात धुवायचे, मगच तोंडात घास. पण कामावरच्या बाया ऐकत नाहीत. मातीच्या हातानं पदरातली भाकर तोडतात. ओरडून ओरडून माझा घसा बसला. तेव्हा मी गोल बाजारातून दोन डझन चमचे आणले, अन् नळाजवळ मांडले आहेत. आता चमच्यानं खायचं काही पाहिजे. चिवडा पाठव. अकरा बाया, सहा गडी, मुकादम, पूर्णिमा, शंकरचं घर, अन् आम्ही दोघी, महिनाभर पुरेल इतका. पातळ पोह्यांचा, खोबऱ्याचे काप, तिखट डोळ्यातून पाणी येईल असं. पुण्याचा साखर टाकलेला पाठवशील तर त्याच डब्यात परत येईल. चेतनाले म्हणावं डबा घट्ट झाकणाचा घे. कोणाच्या हाती पाठवायचा ते तू ठरव, पण जो कोणी घेऊन येईल त्याले सांग, आधी हात धुवायचे, मग माझ्या पाया पडायचं.

आजी